ह्यांची लिंकन द्यायची कुणाला?

पत्र

मी मिशिगनमध्ये नोव्हायला राहते. वय ७१. माझे यजमान मागच्या वर्षी गेले. ते गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर होते. त्यांच्या मागे गॅरेजमध्ये १९६५ ची लिंकन कॉन्टिनेन्टल उभी आहे. काळी, चार दारांची. १९९४ मध्ये एका निवृत्त अमेरिकन शेजाऱ्याकडून त्यांनी ती ६,००० डॉलरला घेतली आणि पुढे सुट्टीचे दिवस तिच्याखालीच झोपून काढले. ऑगस्टमध्ये वुडवर्ड रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांच्या मेळ्याला, ड्रीम क्रूझला, ती न्यायची, हा आमच्या घरचा सणच होता.

आता घर विकून मी मुलाच्या जवळ कॉन्डोत राहायला जाते आहे. ऑक्टोबरपर्यंत गॅरेज रिकामं करायचं आहे. मुलगा म्हणतो, रेडिओवर जाहिरात लागते त्या नंबरवर फोन कर, टो-ट्रक येऊन फुकट घेऊन जाईल, दानही होईल आणि टॅक्सही वाचेल. मला गाडी विकवत नाही, ह्यांच्या नावानं दान करावी असं वाटतं. पण ती कुठे जाऊन पडेल या विचारानं झोप लागत नाही. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या शाळेलाही काही द्यायचं ह्यांच्या मनात होतं. भाचा म्हणतो, गाडीच शाळेच्या संस्थेला पाठवून द्या, ते विकतील. मी काय करू?

उत्तर

प्रिय ताई,

त्या नंबरवर फोन करू नका. आधी हे पत्र मुलाला वाचायला द्या आणि मग दोघं मिळून ठरवा.

मुलाचा हेतू चांगला आहे. त्याच्या डोळ्यांसमोर ऑक्टोबरची तारीख आहे आणि आईनं या वयात गाडीपायी दमू नये एवढंच त्याला वाटतं. शिवाय गिअरबॉक्स गेलेली बारा वर्षांची व्हॅन असती, तर मीही हाच रस्ता सांगितला असता. पण त्या फोननंतर काय होतं ते नीट पाहा. जाहिरात धर्मादाय संस्थेची असली तरी पुढचं सगळं काम बहुतेक वेळा मधली एक कंपनी करते. ट्रक येतो, गाडी उचलतो आणि लिलावाच्या अंगणात नेऊन शेकडो मोडक्या गाड्यांच्या रांगेत उभी करतो. तिथे येणारा गिऱ्हाईक स्वस्त गाडी किंवा सुटे भाग शोधत असतो. तुमच्या यजमानांनी इतकी वर्षं काय काय दुरुस्त केलं, कुठला भाग मूळचा आहे, हे त्याला कुणी सांगत नाही. येईल त्या बोलीला गाडी जाते. ओढून नेण्याचा खर्च आणि मधल्या कंपनीचा वाटा वजा होऊन उरेल ते संस्थेला मिळतं.

टॅक्सचं म्हणाल, तर २००५ पासून नियम असा आहे: संस्थेनं गाडी न वापरता, न सुधारता विकून टाकली आणि ५०० डॉलरपेक्षा जास्त आले, तर विक्रीत जेवढी रक्कम आली तेवढीच वजावट मिळते. गाडीची खरी किंमत काय होती हे कुणी विचारत नाही. विक्रीनंतर ३० दिवसांत संस्था फॉर्म १०९८-सी पाठवते, त्यावरचा आकडा तुमचा. समजा, चांगल्या हाती १८,००० डॉलरला गेली असती अशी गाडी त्या अंगणात ४,००० ला गेली, तर तुमची वजावट ४,०००.

आणि तीसुद्धा हाती लागेलच असं नाही. आता तुम्ही एकट्यानं विवरणपत्र भरणार. २०२६ साठी एकट्या व्यक्तीला १६,१०० डॉलरची ठरावीक वजावट काहीही दान न करता मिळते आणि वय ६५ च्या पुढे असेल तर वर आणखी २,०५०. म्हणजे तुमच्यासाठी १८,१५०. एक तर ही घ्यायची, नाहीतर दान, टॅक्स अशा खऱ्या रकमांची बेरीज; दोन्ही मिळत नाहीत. घराचा प्रॉपर्टी टॅक्स आणि मिशिगनचा आयकर मिळून तुमचे ७,००० होतात असं धरू. त्यात गाडीचे ४,००० मिळवले तरी ११,००० च होतात. तेव्हा तुम्ही ठरावीक वजावटच घ्याल आणि गाडीच्या दानानं टॅक्समध्ये एक डॉलरही वाचणार नाही. अगदी पूर्ण १८,००० ची वजावट मिळाली, तरी बेरीज २५,००० होते आणि खरा फायदा फक्त वरच्या ६,८५० वर. त्यातूनही २०२६ पासून उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्याइतकं दान वजावटीत धरत नाहीत. तुम्ही २२ टक्क्यांच्या पायरीवर असाल तर वाचणार जेमतेम चौदाशे डॉलर. म्हणून, ताई, टॅक्स हा विषय या निर्णयातून बाजूला काढा. मिळाले तर घ्यावेत, पण त्यापायी गाडी कुणाच्याही हवाली करू नये.

तुमचं पत्र मी परत परत वाचलं. तुम्हाला दोन दानं करायची आहेत आणि ती एकाच गाडीतून करायला निघाल्यामुळे गुंता झाला आहे. एक दान गाडीचं: ती जपली जावी, कुणाच्या तरी कामी यावी. दुसरं गावच्या शाळेचं, तिला पैसा हवा. दोन्ही वेगळी करा, म्हणजे दोन्ही नीट होतील.

आधी गाडी. तुमच्या यजमानांनी हे तुम्हाला सांगितलंच असेल, पण मुलाला कदाचित माहीत नसेल: ही गाडी तुमच्या शेजारच्या गावात, विक्समच्या कारखान्यात बनली. १९५७ मध्ये सुरू झालेला तो कारखाना २००७ मध्ये बंद पडला. १९६१ मध्ये एल्वूड एंगल यांच्या रेखाटनातून ही कॉन्टिनेन्टल आली, तेव्हा डेट्रॉइटच्या गाड्या मागे उंच पंख आणि सगळीकडे क्रोम मिरवत होत्या. हिनं ते सगळं उतरवून ठेवलं. सरळ रेषा, साध्या बाजू, मागची दारं उलट्या बाजूला उघडणारी. कारखान्यातून निघण्याआधी प्रत्येक गाडी रस्त्यावर बारा मैल चालवून तपासत आणि कंपनी २४ महिन्यांची किंवा २४,००० मैलांची हमी देत असे, जी त्या काळात फार मोठी होती. तुमचं १९६५ चं मॉडेल तर आणखी खास आहे, कारण पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक त्याच वर्षापासून सगळ्या गाड्यांना बसवले जाऊ लागले. ४३० घनइंचाचं, म्हणजे सात लिटरचं व्ही-८ इंजिन असलेलं ते शेवटचं वर्ष. काचेवरचे वायपरसुद्धा विजेच्या मोटरवर चालत नाहीत, स्टिअरिंगच्या पंपातल्या तेलाच्या दाबावर चालतात. एखाद्या इंजिनिअरनं अशा गाडीखाली सुट्ट्या का घालवल्या असतील, हे मला पुरतं समजतं.

ज्या गाडीनं तुमच्या यजमानांना इतकं शिकवलं, ती शिकणाऱ्या मुलांकडे जावी असं मला मनापासून वाटतं. कॅन्ससमध्ये मॅकफर्सन नावाच्या छोट्या गावात मॅकफर्सन कॉलेज आहे. तिथे जुन्या गाड्यांच्या पुनरुज्जीवनाची चार वर्षांची पदवी मिळते. हा विभाग १९७६ मध्ये गेन्स बिल्यू या गृहस्थांनी आपला गाड्यांचा संग्रह कॉलेजला दिला त्यातून उभा राहिला, म्हणजे त्याचा पायाच गाड्यांच्या दानावर आहे. मुलं तिथे पत्रा ठोकणं, रंग, गाद्यांची शिलाई, इंजिन, जुनी वायरिंग हे सगळं हातानं शिकतात. १९५३ ची एक मर्सिडीज ३०० एस विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं खपून उभी केली आणि २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या प्रदर्शनात नेली. जगातल्या सगळ्यांत नामांकित गाड्यांच्या त्या मेळ्यात तिला तिच्या वर्गात दुसरं बक्षीस मिळालं. तुमच्या लिंकनचे ते तेलावर चालणारे वायपर खोलून एखादी विसाव्या वर्षातली मुलगी पुन्हा जोडते आहे, असं तुमच्या यजमानांना कळलं असतं तर त्यांना किती बरं वाटलं असतं, याचा विचार करून पाहा.

दुसरा पत्ता तुमच्या मिशिगनमधलाच. कॅलमझू आणि बॅटल क्रीकच्या मधे हिकरी कॉर्नर्सला गिल्मोर कार म्युझियम आहे. त्याच आवारात लिंकन गाड्यांचं स्वतंत्र म्युझियम २०१४ मध्ये उघडलं. इमारत १९२० च्या दशकातल्या लिंकनच्या शोरूमसारखी बांधली आहे. गाडी तिथे गेली तर तुम्हाला आणि नातवंडांना जाऊन पाहता येईल, हे त्याचं मोठं सुख. पण साठच्या दशकातल्या चांगल्या कॉन्टिनेन्टल त्यांच्याकडे आधीच असणार आणि मागणी उघड्या टपाच्या चार-दारी गाडीला जास्त असते. तुमची बंद टपाची सेदान आहे असं मी धरलं आहे. त्यामुळे नकाराची तयारी ठेवा आणि नकार आला तर तो गाडीचा अपमान समजू नका.

कुठेही विचाराल तेव्हा एक प्रश्न स्पष्ट विचारा: गाडी तुम्ही ठेवणार, वापरणार, की विकणार? म्युझियम आणि कॉलेजं काही गाड्या सरळ विकून कामासाठी पैसा उभा करतात. त्यात लबाडी नाही, बहुतेक जण तसं मोकळेपणानं सांगतातही. पण तुम्हाला ते देण्याआधी माहीत असायला हवं आणि दानपत्रात लिहिलेलं हवं. "पुढे कधीच विकणार नाही" असं वचन सहसा कुणी देत नाही, तो आग्रह धरू नका. काही वर्षं शिकवण्यासाठी वापरू, एवढं लेखी मिळालं तरी पुष्कळ झालं.

ते गाडी ठेवून खरोखर वापरणार असतील, तर वजावटीचा नियम बदलतो आणि बाजारातली खरी किंमत धरता येते. ती ५,००० डॉलरच्या वर असेल तर अधिकृत मूल्यांकन लागतं. देण्याच्या आधी ६० दिवसांपेक्षा जुनं मूल्यांकन चालत नाही, म्हणून आत्ता घाई करून करवून घेऊ नका. मूल्यांकन करणारा किमतीवर टक्केवारी मागत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा, तशी फी नियमात बसत नाही. फॉर्म ८२८३ वर त्याची आणि गाडी घेणाऱ्या संस्थेची, दोघांची सही लागते. पुढे तीन वर्षांच्या आत संस्थेनं गाडी विकली तर तिला ते आयआरएसला, म्हणजे अमेरिकेच्या आयकर खात्याला, कळवावं लागतं आणि तुमची वजावट पुन्हा तपासली जाऊ शकते. विकण्याबद्दल आधी विचारा म्हणते त्याचं हेही एक कारण. आणखी एक आकडा मात्र आत्ताच मिळवून ठेवा, तो म्हणजे यजमान गेले त्या दिवशी गाडीची किंमत किती होती. टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद, एकट्या त्यांच्या नावावर असेल तर तुमच्यासाठी गाडीची मूळ किंमत १९९४ चे ६,००० डॉलर राहत नाही, त्या दिवसाची किंमत धरतात. दोघांच्या नावावर असेल तर अर्ध्या भागापुरतं तसं होतं. गाडी द्या किंवा विका, हा आकडा लागणारच.

आता गावची शाळा. भाच्याचा विचार प्रेमाचा आहे, पण गाडी सांगलीला पाठवू नका. साडेपाच मीटर लांबीची, दोन टनांहून जड, डाव्या हाताच्या स्टिअरिंगची गाडी समुद्रापार न्यायची, तिथे कस्टममधून सोडवायची आणि मग शाळेच्या लोकांनी तिच्यासाठी गिऱ्हाईक शोधत फिरायचं. मुलांना शिकवायचं सोडून त्यांच्या गळ्यात हे काम कशाला? शिवाय भारतातल्या संस्थेला थेट दिलेल्या दानावर अमेरिकेत वजावट मिळत नाही आणि परदेशी नागरिकाकडून पैसा घ्यायचा तर त्या संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या भारतीय कायद्याखालची, नोंदणी लागते. गावच्या शिक्षण संस्थेकडे ती असेलच असं नाही, आधी विचारून घ्या. नोंदणी नसेल तर अमेरिकेत नोंदलेल्या आणि महाराष्ट्रात काम करणाऱ्या संस्थेकडे चौकशी करा. महाराष्ट्र फाउंडेशन हे नाव तुमच्या ओळखीचं असेलच. पैसा कुठे द्यायचा याचा शेवटचा निर्णय कायद्यानं त्या संस्थेचा असतो, म्हणून आपल्या शाळेसारख्या कामाला मदत होईल का, हे बोलून घ्यावं लागेल.

हा पैसा कुठून काढायचा, यासाठी तुमच्या वयाला एक फार चांगली सोय आहे आणि आपल्या लोकांना ती फारशी माहीत नसते. वयाची साडेसत्तर वर्षं पूर्ण झाली की आयआरए खात्यातून, म्हणजे निवृत्तीसाठी साठवलेल्या पैशांतून, थेट अमेरिकेतल्या धर्मादाय संस्थेला पैसे पाठवता येतात आणि ती रक्कम तुमच्या उत्पन्नात धरलीच जात नाही. वजावटींची जुळवाजुळव नको, १८,१५० ची भानगड नको. यजमानांचा आयआरए तुमच्या नावावर झाला असेल तर तोही चालेल. फक्त पैसे आधी तुमच्या बँकेत येता कामा नयेत. खातं सांभाळणाऱ्या कंपनीनं चेक सरळ संस्थेच्या नावानं काढला पाहिजे. हजार डॉलर द्या नाहीतर पाच हजार, टो-ट्रकला दिलेल्या गाडीच्या वजावटीतून मिळाले असते त्यापेक्षा हे तुमच्या आणि शाळेच्या, दोघांच्याही पदरात जास्त टाकेल.

समजा, कॉलेज आणि म्युझियम दोघांनीही नाही म्हटलं, तर मात्र गाडी विका, ताई. विकवत नाही असं तुम्ही लिहिलंत, ते मी मनावर घेतलं आहे. तरीही सांगते, कारण जुन्या गाडीसाठी स्वतःचे पैसे मोजणारा माणूसच तिला सगळ्यात जास्त जपतो. तुमच्या यजमानांनीही ती विकतच घेतली होती ना? लिंकन अँड कॉन्टिनेन्टल ओनर्स क्लब १९५३ पासून आहे. त्याच्या सभासदांमध्ये या गाडीचा प्रत्येक स्क्रू ओळखणारी माणसं आहेत आणि तिथली एक जाहिरात लिलावाच्या दहा अंगणांपेक्षा चांगलं घर शोधून देईल. आलेली सगळी रक्कम यजमानांच्या नावानं शाळेला द्या. टो-ट्रकच्या मार्गानं एवढी रक्कम कुठल्याच संस्थेला मिळाली नसती.

काही कामं मात्र आजच सुरू करा. टायटल कुणाच्या नावावर आहे ते शोधा आणि एकट्या यजमानांचं असेल तर गाड्यांची नोंदणी करणाऱ्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या ऑफिसात जाऊन ते आधी तुमच्या नावावर करून घ्या. देताना टायटलवर घेणाऱ्याचं नाव लिहूनच सही करा. जागा कोरी सोडलेल्या टायटलवर सही मागणारा कितीही गोड बोलला तरी देऊ नका. पुढे गाडीचं काही झालं तर तुमच्याच नावावर येतं. नंबरप्लेट काढून ठेवा आणि टायटल बदलेपर्यंत विमा बंद करू नका. गाडीला रंग लावणं, गाद्या बदलणं असलं काही करू नका, मूळचा फिका पडलेला रंग नव्या चकचकीत रंगापेक्षा मोलाचा असतो. वर्षभर उभी असेल तर मुलाला उत्साहानं चावी फिरवू देऊ नका. टाकीतलं पेट्रोल जुनं झालेलं असतं, आधी जाणत्या मेकॅनिकला बोलवा. आणि यजमानांची बिलं, जुने फोटो, दुरुस्तीची वही असेल तर ती, सगळं एका खोक्यात गोळा करा. ते गाडीबरोबर जायला हवं. त्याच्या प्रती मात्र घरी ठेवा.

ऑक्टोबरच्या तारखेनं घाबरून जाऊ नका. वर्षअखेर आली की "३१ डिसेंबरच्या आत द्या" अशा जाहिरातींचा पूर येतो आणि काही ठिकाणी सहलीच्या कूपनचं आमिषही असतं. त्या कूपनची किंमत वजावटीतून कापली जाते. गॅरेज सोडावं लागलं तर हिवाळ्यापुरती एक बंदिस्त कोरडी जागा भाड्यानं घ्या. मिशिगनमध्ये हिवाळ्यात जुन्या गाड्या ठेवायला अशा जागा मिळतात. पाच-सहा महिन्यांचं भाडं जाईल, ते जाऊ द्या.

मुलाला एक काम नेमून द्या: पुढून, मागून, आतून, इंजिनचे आणि दारावरच्या माहितीच्या पट्टीचे असे फोटो काढून, गाडीची माहिती चार ओळींत लिहून, ते मॅकफर्सनला आणि गिल्मोरला पाठवणं. मॅकफर्सनला पहिल्यांदा. गाडी न्यायचा खर्च कोण करणार हेही त्याच पत्रात विचारा, हजारेक मैलांचा रस्ता आहे. दोन्हीकडून उत्तर येईपर्यंत गाडी आहे तिथेच झाकून राहू द्या.